लेन्स शोधायला बसण्याआधी कॅमेऱ्याचं तोंड ओळख

रावेरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. मामांनी वापरलेला निकॉन डी५१०० त्याला मिळालाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी. थंडीत हतनूर धरणावरचे पक्षी टिपायचेत आणि उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नात हळदीचे फोटो काढायचेत. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये ‘निकॉन लेन्स’ टाकलं की पानामागून पानं उघडत जातात. ‘७०-३००’ टाकलं तरी सारख्या नावाच्या सहा-सात लेन्स समोर येतात, आणि भावात दुप्पट-तिप्पट फरक. यातली आपली कोणती, हे कसं ओळखायचं?

भाऊ, मी जळगावात लग्नाचे फोटो काढतोय त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. सुरुवातीला लेन्स बघायची तर रात्रीची गाडी धरून मुंबईला फोर्टातल्या बाजारात जावं लागायचं. दुकानदार लेन्स कॅमेऱ्याला लावून दाखवायचा. बसली की घ्यायची, नाही बसली तर दुसरी. कॅटलॉग लेन्स लावून दाखवत नाही, त्यामुळे ते काम आपल्यालाच डोक्यात करावं लागतं. ते जमतं, पण त्यासाठी लेन्सच्या नावापेक्षा तिच्या अंकांवर जास्त भरवसा ठेवायला शिकावं लागतं.

एक आधीच सांगतो. लेन्सवरचे कोड रोमन अक्षरांत असतात, मी इथे ते उच्चाराप्रमाणे लिहितोय. शोधताना लेन्सवर असतात तसेच इंग्रजीत टाक. आणि कॅटलॉगच्या डाव्या बाजूला टिकमार्क करायचे जे पर्याय असतात त्यांना मी चाळण्या म्हणणार आहे. फिल्टर हा शब्द मला पुढे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या काचेसाठी लागणार आहे.

कॅटलॉग उघडण्याआधी वहीत एक छोटं गणित मांड. समोरच्या वस्तूचं अंतर मीटरमध्ये घे, त्याला सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीच्या) रुंदीने गुण आणि फोकल लेंथने, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरच्या आकड्याने, भाग. चौकटीत किती मीटर रुंदीचं दृश्य मावतं ते निघतं. डी५१०० चा सेन्सर २३.६ मिलिमीटर रुंद आहे. हतनूरच्या काठावरून ५० मीटरवर हळदी-कुंकू बदक पोहतंय असं धर. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने चौकटीत साधारण ३.९ मीटर रुंदी मावते. बदक ६० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा सहावा-सातवा हिस्सा. तुझ्या कॅमेऱ्याचा फोटो ४९२८ पिक्सेल रुंद असतो, त्यात बदकाच्या वाट्याला साडेसातशे पिक्सेल येतात. मोबाइलवर बघायला ते चांगलं दिसेल, मोठी प्रिंट काढायची तर कमी पडेल. तेच बदक किट लेन्सच्या ५५ वर १४० पिक्सेलसुद्धा भरत नाही. हे गणित आधी केलं असेल तर ‘३०० पुरेल का’ हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि ३०० घेऊन काठावर पोचल्यावर निराशाही होत नाही. पक्षी जवळ येईस्तोवर गप्प बसून राहायची तयारी मात्र लागते. ती कोणत्याही लेन्ससोबत मिळत नाही.

आता हळद. अंगणात किंवा ओट्यावर नवरी बसलेली असते, भोवती बायकांचा गराडा, आणि तुला जेमतेम तीन मीटर जागा मिळते. तीन मीटरवरून ३५ ची लेन्स दोन मीटर रुंदी घेते. त्यात नवरी आणि हळद लावणारे दोघं-तिघं नीट बसतात. ५० ची लेन्स १.४ मीटरच घेते. ती लावलीस तर मागे सरकत सरकत भिंतीला टेकशील. म्हणजे तुला दोन लेन्स शोधायच्यात, एक ३०० पर्यंत जाणारी आणि एक ३५ ची. हे कागदावर आलं की ‘निकॉन लेन्स’ टाकायची गरजच उरत नाही.

पहिली चाळणी माउंटची, म्हणजे लेन्स जिथे अडकते त्या तोंडाची. तुझ्या कॅमेऱ्याला निकॉनचं एफ माउंट आहे, १९५९ पासून चालत आलेलं. निकॉनचे नवे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे २०१८ पासून झेड माउंटवर आहेत, आणि कॅटलॉगमध्ये दोन्ही लेन्स ‘निकॉन’ या एकाच नावाखाली येतात. एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर असतं, झेडमध्ये १६. त्यामुळे एफची लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून झेड कॅमेऱ्यावर चालते, कारण मधल्या ३०.५ मिलिमीटरच्या जागेत अ‍ॅडॉप्टर मावतो. झेडची लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर कधीच चालणार नाही, तिला सेन्सरच्या इतकं जवळ जाताच येत नाही. टॅमरॉनची ७०-३०० झेड माउंटमध्येही मिळते आणि ‘निकॉन ७०-३००’ टाकल्यावर हमखास वर दिसते. टॅमरॉनच्या नावात ‘डीआय थ्री’ दिसलं की ती मिररलेससाठी आहे, तुझ्या कामाची नाही. ‘डीआय टू’ तुझ्यासारख्या छोट्या सेन्सरसाठी, नुसतं ‘डीआय’ मोठ्या सेन्सरसाठी, आणि ती दोन्ही तुला चालतात. सिग्मात हेच काम २०२५ पर्यंत ‘डीएन’, ‘डीसी’ आणि ‘डीजी’ करायचे. ‘डीएन’ असेल तर पुढे सरक.

माउंटची चाळणी लावली की बहुतेक जण सुटलो असं समजतात. डी५१०० वाल्याची खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते, ती फोकस फिरवणाऱ्या मोटरची.

कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणलं तेव्हा फोकसची मोटर लेन्समध्येच ठेवायचं ठरवलं, त्यामुळे त्यांच्याकडे ही अडचण नाही. निकॉनने जुनं माउंट कायम ठेवलं आणि मोटर कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. तिथून एक छोटा स्क्रू लेन्सला फिरवायचा. पुढे हलक्या कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली. डी३००० आणि डी५००० या मालिकांत ती नाही, म्हणजे तुझ्या डी५१०० मध्येही नाही. मोटर लेन्समध्येच हवी.

आता त्या ७०-३०० कडे येऊ. निकॉनच्या स्वतःच्या, एफ माउंटमधल्या, ऑटोफोकसच्या सहा ७०-३०० तुला कॅटलॉगमध्ये भेटतील. पहिली एएफ, एफ/४-५.६ डी ईडी. दुसरी एएफ, एफ/४-५.६ जी. या दोन्हींत मोटर नाही, फिल्टरचा व्यास ६२ मिलिमीटर. तिसरी २००६ ची एएफ-एस व्हीआर, एफ/४.५-५.६ जी. मोटर आहे, हात हलला तरी सावरणारं व्हीआर आहे, फिल्टर ६७. चौथी आणि पाचवी २०१६ च्या एएफ-पी डीएक्स (डीएक्स म्हणजे छोट्या सेन्सरसाठी), एफ/४.५-६.३ जी. एक व्हीआरसह, एक व्हीआरशिवाय, फिल्टर दोन्हींचा ५८. सहावी २०१७ ची एएफ-पी, एफ/४.५-५.६ ई व्हीआर, फिल्टर पुन्हा ६७.

या सहांतली एकच तुझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते, ती तिसरी.

पहिल्या दोन लावल्यास तर रिंग हाताने फिरवून फोकस करावा लागेल. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका फोकस लागल्याचं सांगतो, पण उडत्या बगळ्यामागे ते जमत नाही. एएफ-पी लेन्सचं याहून वाईट. त्यांची फोकस मोटर नव्या पद्धतीची आहे, आणि २०११ सालच्या डी५१०० ला तिच्याशी बोलताच येत नाही. त्यांची फोकस रिंगही विजेवर चालणारी, म्हणून हातानेही फोकस होत नाही. लेन्स छान बसते, कॅमेरा सुरू होतो, आणि चित्र धूसरच राहतं. शिवाय एएफ-पी डीएक्स ही स्वस्त, हलकी आणि बरीच नवी, म्हणून यादीत वरच असते. तुझ्यासारख्या कॅमेऱ्याची मुलं तिलाच भुलतात. कॅमेऱ्याच्या सालानंतर आलेली लेन्स दिसली की निर्मात्याची सुसंगतता यादी बघितल्याशिवाय पैसे भरू नको. निकॉनच्या डाउनलोडच्या पानावर लेन्सची माहितीपुस्तिका फुकट मिळते, आणि कोणत्या कॅमेऱ्यावर काय चालेल हे तिच्या पहिल्या काही पानांतच असतं.

या सहांकडे पुन्हा एकदा बघ. नाव सगळ्यांचं एकच, पण फिल्टरच्या व्यासाने त्यांचे तीन गट पडतात. ६७ म्हटलं की फक्त तिसरी आणि सहावी उरतात. त्या दोघींना वेगळं करायचं तर सर्वांत जवळून फोकस होणारं अंतर बघ. तिसरीचं १.५ मीटर, सहावीचं १.२. विकणारा शीर्षकात काहीही लिहो, तपशिलात फिल्टर ६७ आणि अंतर १.५ मीटर असेल तर ती तुझीच. मी गिऱ्हाइकांसाठी लेन्स शोधतो तेव्हा नावाआधी हे दोन आकडेच बघतो. शीर्षक घाईत लिहिलेलं असतं, तपशिलाचे आकडे मात्र बहुधा निर्मात्याच्या पत्रकावरून उतरवलेले असतात.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. माझ्या मदतनिसाकडे तुझ्यासारखाच डी५१०० होता. त्याच्यासाठी मी टोकिनाची ११-१६ एफ/२.८ ऑनलाइन मागवली. शीर्षकात ‘निकॉनसाठी’ लिहिलेलं होतं, माउंट बरोबर होतं, भावही बरा होता. लेन्स आली ती पहिली आवृत्ती. निकॉनसाठीच्या त्या आवृत्तीत मोटर नव्हती, ती २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. तपशिलात मोटरचा उल्लेख नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला लग्न होतं. पोराने दिवसभर हाताने फोकस करून काम निभावलं. ११ मिलिमीटरवर जवळचं-लांबचं बरंच काही एकदम स्पष्ट येतं म्हणून निभलं. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. माउंट तर बरोबर आहे ना, म्हणाला. तेव्हापासून तपशिलात जे लिहिलेलं नाही तेही मी वाचतो.

तीच गोष्ट चाळण्यांची. ‘ऑटोफोकस मोटर : आहे’ अशी चाळणी लावलीस की ज्यांच्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे त्या लेन्स यादीतून गळून पडतात. कॅटलॉग रिकाम्या रकान्याला ‘नाही’ समजतो. जुन्या लेन्सच्या नोंदी बऱ्याचदा अर्धवटच असतात, आणि तुला हवी असलेली २००६ ची लेन्स नेमकी त्यांतली असू शकते. म्हणून माउंट आणि भाव या दोनच चाळण्या ठाम लावाव्यात, कारण ते रकाने सहसा भरलेले असतात. बाकी चाळण्या एकेक लावून बघ, आणि यादी एकदम अर्ध्याहून कमी झाली तर ती काढून टाक. फोकल लेंथच्या चाळणीचीही एक गंमत आहे. काही ठिकाणी ‘३००’ म्हटलं की फक्त ३०० ची एकफोकल (झूम न होणारी) लेन्स येते, काही ठिकाणी ३०० पर्यंत पोचणाऱ्या सगळ्या झूम येतात. तुझ्या १८-५५ वर हे तपासून घे. ‘३५’ ची चाळणी लावल्यावर १८-५५ दिसली तर तो कॅटलॉग झूमची पूर्ण रेंज धरतो.

‘मॅक्रो’ची, म्हणजे अगदी जवळून काढायच्या फोटोंची, चाळणी तर लावूच नको. जुन्या ७०-३०० झूमच्या नावातही मॅक्रो लिहिलेलं असतं, आणि त्या वस्तूला जेमतेम निम्म्या आकारात सेन्सरवर उतरवतात. केळीच्या पानावरचा किडा पूर्ण आकारात हवा असेल तर तपशिलात मॅग्निफिकेशन १:१ असायला हवं. टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंचे फोटो काढायचे असतील तरी हाच आकडा बघायचा. आपल्या खान्देशात चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) घरातल्या टेबलावरच अख्खं जग मांडून फोटो काढायचे. त्यांचं घर आता संग्रहालय म्हणून बघायला मिळतं. कधी चाळीसगावला उतरलास तर बघून ये, जवळून बघणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

शोधपेटीत काय टाकायचं? लेन्सच्या अंगावर ‘१:१.८’ छापलेलं असतं, कॅटलॉगमध्ये तेच ‘एफ/१.८’ असतं, आणि काही युरोपीय दुकानं दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. शोधयंत्राला ही तीन वेगळी वाटू शकतात. म्हणून अ‍ॅपर्चर (उजेड आत येणाऱ्या छिद्राचा हा आकडा) टाकूच नको. फोकल लेंथ आणि एक कोड पुरतो, ‘७०-३०० व्हीआर’ किंवा ‘३५ डीएक्स’. आकडा आणि ‘एमएम’ जोडून लिहून बघ, मग मधे जागा सोडून बघ. वापरलेल्या लेन्सच्या बाजारात ‘निकॉर’ हे नाव लोक वाटेल तसं लिहितात, एक के गाळून, दोन आर लावून. नावच टाकलं नाही की या चुकीच्या लिहिलेल्या नोंदीही सापडतात, आणि त्यांच्यावर गर्दी कमी असल्याने भाव ठरवायला जागा असते. साध्या गूगलवर शोधत असशील तर नको तो शब्द वजा चिन्ह लावून टाक. वजा चिन्हाला चिकटून ‘एएफ-पी’ लिहिलं की ती लेन्स गाळलेली यादी येते.

सगळ्यांत खात्रीचा धागा म्हणजे निर्मात्याचा मॉडेल क्रमांक, असेल तिथे. सोनीचं उदाहरण देतो, कारण फरक एका अक्षराचा आहे. एसईएल५०एफ१८ ही छोट्या सेन्सरसाठीची ५० मिलिमीटर लेन्स. शेवटी आणखी एक एफ आला, एसईएल५०एफ१८एफ, की ती मोठ्या सेन्सरसाठीची. पहिलीत हात सावरणारं ओएसएस आहे, दुसरीत नाही. दोन पूर्ण वेगळ्या लेन्स, आणि यादीत दोन्हींचं नाव ‘सोनी ५० मिमी एफ/१.८’. कॅननवाल्यांसाठी कॅनन कॅमेरा म्युझियम हे कंपनीचं ऑनलाइन संग्रहालय आहे. तिथे जुन्या लेन्सचा बाजारात आल्याचा महिना आणि मापं मिळतात. माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरने २४-७० एफ/२.८ साठी ७७ चे फिल्टर आधीच घेऊन ठेवले, आणि घरी आली ती २०१२ ची दुसरी आवृत्ती, फिल्टर ८२. तिथे एकदा मापं बघितली असती तर ते पैसे वाचले असते.

तुझ्या ३५ च्या शोधातही हेच जुळे भेटतील. तुला हवी ती एएफ-एस डीएक्स ३५ एफ/१.८ जी, २००९ ची, फिल्टर ५२. तिच्याच नावाची ‘ईडी’वाली २०१४ ची, फिल्टर ५८, मोठ्या सेन्सरसाठी आणि बरीच महाग. ती तुझ्यावर चालते, पण जास्तीचे पैसे कशाला? एएफ ३५ एफ/२ डी नावाची जुनीही दिसेल, तिच्यात मोटर नाही. १.८ च्या लेन्सने किट लेन्सच्या ४.५ पेक्षा सहापट उजेड आत येतो. मांडवाच्या पिवळ्या कापडाखाली संध्याकाळी हळद असते तेव्हा त्या सहापटीचं मोल कळतं. शटर वेगाने चालतं, उडालेली हळद हवेतच थांबते.

वापरलेली लेन्स घेणार असशील तर कॅटलॉगमधला फोटो बघून थांबू नको. तो बहुधा कंपनीचाच असतो. विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा, माउंटच्या कड्याचा फोटो माग. धातूच्या कड्यात स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच असलेलं छोटं डोकं दिसलं, तर ती लेन्स कॅमेऱ्याच्या मोटरवर चालणारी आहे, तुझ्यासाठी नाही. टॅमरॉनची जुनी ७०-३०० डीआय निकॉनसाठी मोटरशिवायही निघाली आणि मोटरसहही. दोन्हींच्या नोंदी सारख्याच दिसतात, फरक या खाचेवरूनच कळतो. दुसरा फोटो लेन्समधून मागून टॉर्च मारून काढलेला माग. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असला तरी किनारपट्टीवरून आलेल्या लेन्सच्या पोटात ती आधीच असू शकते. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचं नाही.

बहिणीच्या लग्नाला वेळ आहे, पण ३५ आधी घे आणि घरातल्या घरात हात बसव. ७०-३०० एएफ-एस व्हीआर आता बहुतेक वापरलेलीच मिळते. चांगला नग सापडायला महिना-दोन महिने लागले तरी घाई करू नको. ‘७०-३०० व्हीआर’ हा शोध जतन करून सूचना लावून ठेव, आणि नवी नोंद आली की फिल्टर ६७, अंतर १.५ मीटर, आणि मागच्या कड्याचा फोटो, या क्रमाने बघ. तोवर हतनूरला किट लेन्स घेऊनच जाऊन ये. सकाळी उजेड कुठून येतो, बदकं कोणत्या कडेला उतरतात आणि काठापासून किती लांब बसतात, ते पावलांनी मोजून वहीत लिहून ठेव.